जुन्या झाडांवरील दगडफूल

दगडफूल हें गोड्या मसाल्यामुळें घरोघर ठाऊक आहे. परंतु त्याच्या वर्गांतील पांढुरके चट्टे झाडाच्या सालीवर दिसतांच पुष्कळ बागाईतदार तो रोग समजून साल खरवडतात. ही समजूत निराधार होय. दगडफूल म्हणजे बुरशी व शेवाळ यांची भागीदारी, असें स्विस शास्त्रज्ञ श्वेंडेनर यांनीं १८६७ सालीं प्रतिपादिलें. शेवाळ उन्हावर अन्न करतें, बुरशी त्यास आसरा देते. झाडाचा रस कोणीच शोषीत नाहीं.

पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या अभ्यासकांनीं सह्याद्रींत या वर्गांतील एक नवीन जात शोधून काढली व तिचें नांव अल्लोग्राफा एफ्युसोसोरेडिका असें ठेविलें. ही वार्ता २०२५ सालीं प्रसिद्ध झाली. तेव्हां अद्याप अज्ञात असलेल्या जाति आपल्याच डोंगरांत आहेत, हें उघड झालें.

यांची वाढ फार मंद. कित्येकांस जुनी साल व घन सावलीच मानवते. असा वृक्ष तोडून रोप लाविलें, तरी तें वैभव एका पिढींत परत येत नाहीं. सातबाऱ्यांत झाडाची नोंद सांपडते. सालीवरील या कुळाची नाहीं. तरी देवराईंतील वा बांधावरील जुना वृक्ष ठेकेदारास देण्यापूर्वीं त्याची साल एकवार न्याहाळावी, अशी आमची वाचकांस विनंति आहे.