चिनी आणि आधुनिक उपचारांची सांगड

एकात्मिक चिकित्सा (दोन वैद्यकपद्धतींचा एकाच योजनेनुसार वापर) म्हणजे दोन्हीकडची औषधे एकाच वेळी घेणे, असा समज आढळतो. प्रत्यक्षात तिचा गाभा समन्वयाचा आहे. चीनमध्ये १९५० च्या दशकापासून या पद्धतीला सरकारी प्रोत्साहन मिळाले. तेथील अनेक रुग्णालयांत आधुनिक तपासण्यांनी निदान होते आणि मुख्य उपचारांना अॅक्युपंक्चर किंवा वनौषधींची जोड दिली जाते.

एकाच आमटीत दोघांनी एकमेकांना न सांगता मीठ घातले, तर आमटी खारट होते. औषधांचेही तसेच घडते. डानशेन या चिनी मुळीमुळे वॉरफरिनचा (रक्ताच्या गुठळ्या रोखणारे औषध) परिणाम वाढून रक्तस्राव होऊ शकतो. ज्येष्ठमध दीर्घकाळ, मोठ्या प्रमाणात घेतल्यास रक्तातील पोटॅशियम घटते. लघवी वाढवणाऱ्या काही गोळ्यांसोबत हा धोका वाढतो.

म्हणून ‘वनस्पतीचे ते निरुपद्रवी’ हे गृहीतक बरोबर नाही. वनौषधी निरुपयोगी असतात, असेही नाही. हिवतापावरील आर्टेमिसिनिन चिनी वनस्पतीतूनच मिळाले. त्या शोधासाठी चिनी संशोधक तू योयो यांना २०१५ मध्ये नोबेल पारितोषिक लाभले. मात्र हे औषध शुद्ध करून, मात्रा ठरवून, चाचण्यांनंतर वापरात आले.

चालू असलेले प्रत्येक औषध डॉक्टर आणि वैद्य या दोघांनाही सांगणे, शस्त्रक्रियेपूर्वी वनौषधींची माहिती देणे आणि सुरू असलेले उपचार परस्पर न थांबवणे, ही सुरक्षित सांगडीची किमान पथ्ये आहेत.