डेनिसन स्मॉक : जुन्या लष्करी कपड्यांचा संग्रह कसा करावा

सुरुवातीलाच एक कबुली देतो. माझा पहिला डेनिसन स्मॉक घरी आला तेव्हा त्याच्या दोन्ही बाह्यांच्या टोकाला लोकरीच्या मोज्याचे तुकडे शिवलेले होते. टाकेही वाकडेतिकडे. मला वाटलं, कुणीतरी वाट लावलीय कपड्याची. ते उसवायला मी कात्रीसुद्धा घेतली होती. सुदैवाने त्या दिवशी काम राहून गेलं. का सुदैवाने, ते आज सांगतो.

आधी हा कपडा काय आहे ते पाहू. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांनी छत्रीधारी सैनिकांसाठी नेहमीच्या गणवेशावरून घालायचा एक सैलसर डगला काढला, तो हा डेनिसन स्मॉक. मेजर डेनिसन यांच्या नावावरून हे नाव पडलं, असं मानतात. फिक्या रंगाच्या कापडावर हिरवे आणि तपकिरी पट्टे. सुरुवातीच्या स्मॉकवर ते मोठ्या ब्रशने हातानेच ओढले होते, असं सांगतात. उडी मारताना डगला वर उडू नये म्हणून मागून एक पट्टी दोन पायांमधून पुढे घ्यायची आणि टिचबटणं लावायची, अगदी लंगोटासारखी. ती सोडली की मागे लोंबायची. त्यावरून उत्तर आफ्रिकेतले स्थानिक लोक यांना ‘शेपटीवाले’ म्हणत, असा किस्सा आहे.

आता मोज्यांकडे येऊ. पहिल्या नमुन्यात मनगटाला विणलेली लोकरीची पट्टी होती. १९४४ च्या सुमारास दुसरा नमुना आला, त्यात तिच्याऐवजी बटणाची साधी पट्टी आली. बाहीतून वारा आत शिरायला लागला. मग सैनिकांनी काय केलं? जुन्या मोज्यांचे तळवे कापले आणि वरचा भाग बाहीला शिवून टाकला! म्हणजे मी ज्याला खराबी समजत होतो, ती कुणा सैनिकाची थंडीवरची तोड असू शकते. उसवली असती तर कपडा ‘नीटनेटका’ दिसला असता, आणि मुका झाला असता.

म्हणून पहिला नियम : दुरुस्ती करू नका. धुवायचीही घाई नको. जुने रंग पक्के नसतात, एका धुण्यात पट्टे फिके होतात. हँगरला लटकवू नका, शिवणीवर भार येतो. सुती कापडात गुंडाळा, आडवा ठेवा, उन्हापासून लांब.

दुसरा नियम : किमतीआधी लेबल बघा. साइज, वर्ष, बनवणाऱ्याचं नाव आणि ब्रिटिश सरकारी मालावरचा बाणाचा शिक्का. १९५९ च्या नमुन्याचे स्मॉक त्या मानाने सहज मिळतात, आणि तेच युद्धकाळातले म्हणून खपवले जातात. लेबल नेमकं फाटलेलं आणि बाकी कपडा कोरा करकरीत असेल, तर हात आखडता घ्या.

मग युद्धातले इतके दुर्मीळ का? कारण ते वापरले गेले. डिस्पोजलमध्ये निघालेला माल स्वस्त आणि दणकट. शेतात, मासेमारीला, मोटारसायकलवर लोकांनी तो फाटेपर्यंत घातला. जपून ठेवावा असं तेव्हा कुणाला वाटेल?

याचा आपल्याशी काय संबंध? स्वातंत्र्यानंतर भारतीय छत्रीधारी दलातही याच घाटाचा स्मॉक होता. ११ डिसेंबर १९७१ ला टांगाईलला उतरलेली २ पॅरा बटालियन मूळची मराठा लाइट इन्फंट्रीची. तेव्हा असा एखादा डगला आपल्याकडच्या ट्रंकेतही असू शकतो. सापडला तर आधी ज्याचा आहे त्याला, किंवा घरच्यांना विचारा : कुठे घातला होता, कधी? उत्तर लिहून कपड्यासोबत ठेवा. कापड टिकतं, पण सांगणारी माणसं कायम राहत नाहीत.

आणि शेवटचं, महत्त्वाचं. संग्रह जुन्याचा करायचा. सैन्याचा चालू गणवेश त्यात नको. सैनिक असल्याचं भासवण्यासाठी असा पोशाख घालणं आपल्याकडे गुन्हा आहे. २०१६ च्या पठाणकोट हल्ल्यातले अतिरेकी लष्करी पोशाखात आले होते, हे विसरू नका.

माझ्या स्मॉकवरचे ते वाकडे टाके आजही तसेच आहेत. जवळ येऊन बघा, फक्त हात लावू नका.