नवोदित पिचरच्या बढतीचा निर्णय : बेसबॉलच्या प्रतिरूप-खेळातील एक प्रश्न

अपुऱ्या पुराव्यावरून निर्णय केव्हा घ्यावा, हा संख्याशास्त्रातील एक जुना प्रश्न आहे. पुरावा वाढण्याची वाट पाहावी, तर संधी निघून जाते. घाई करावी, तर चूक पदरी पडते. या प्रश्नाचे एक रेखीव उदाहरण अमेरिकेतील बेसबॉलच्या प्रतिरूप-खेळांत आढळते. तेथे खेळणाऱ्याला चेंडू फेकावयाचा नसतो की टोलवावयाचा नसतो. त्याला संघाचा कारभार पाहावयाचा असतो. कनिष्ठ लीगमधील तरुण पिचरला, म्हणजे चेंडू फेकणाऱ्या खेळाडूला, वरच्या श्रेणीत केव्हा न्यावे, हा त्या कारभारातील सर्वांत नाजूक निर्णय होय.

या खेळांची परंपरा संगणकाहून जुनी आहे. हॅल रिचमन यांचा ‘स्ट्रॅट-ओ-मॅटिक’ हा खेळ 1961 मध्ये बाजारात आला. त्यात प्रत्येक खेळाडूची कामगिरी एका पत्त्यावर संभाव्यतांच्या रूपाने मांडलेली असे आणि फाशांच्या दानावरून चेंडूचे फळ ठरत असे. जर्मनीतील मार्कुस हाइन्झोन यांनी रचलेला ‘आउट ऑफ द पार्क बेसबॉल’ हा संगणकीय खेळ 1999 मध्ये प्रथम प्रसिद्ध झाला. फाशांची जागा यादृच्छिक संख्यांनी घेतली आणि एका सामन्याऐवजी अनेक दशकांचा काळ खेळाच्या कक्षेत आला. त्यामुळे खेळाडूची वाढ, दुखापत आणि उतरती कळा यांचाही विचार करणे भाग पडले.

व्यावसायिक बेसबॉलमध्ये मेजर लीगखाली कनिष्ठ संघांची एक शिडी असते. नवशिक्यांच्या संघांवर ए, उच्च ए, डबल-ए आणि ट्रिपल-ए अशा पायऱ्या आहेत. प्रतिरूप-खेळात ही शिडी जशीच्या तशी घेतली आहे. पिचरचे गुण चेंडूचा दर्जा, चेंडूची हालचाल आणि नियंत्रण या सदरांखाली मांडतात. निरीक्षकांच्या रूढ मापनपद्धतीत 20 ते 80 असे अंक देतात व 50 हा अंक मेजर लीगमधील सरासरी मानतात. प्रत्येक गुणाचे आजचे मूल्य आणि संभाव्य मूल्य वेगवेगळे असते. शिवाय हे अंक म्हणजे खेळाडूचे खरे गुण नव्हेत. ते निरीक्षकाचे अंदाज होत. खरे मूल्य पडद्याआड असते. म्हणून अंदाजाला प्रत्यक्ष कामगिरीच्या आकड्यांची जोड द्यावी लागते.

परंतु कोणत्या आकड्यांची? पिचरच्या नावावर नोंदल्या जाणाऱ्या धावांत क्षेत्ररक्षकांचा आणि दैवाचाही वाटा असतो. व्होरोस मॅक्रॅकन यांनी 2001 मध्ये प्रसिद्ध केलेल्या लेखात असे दाखविले की, मैदानात टोलविलेल्या चेंडूंपैकी किती चेंडूंवर फलंदाज तळ गाठतो, यावर पिचरची सत्ता समजुतीपेक्षा फारच थोडी असते. त्याची खरी सत्ता चालते ती फलंदाजाला चेंडू लागू न देता बाद करणे (स्ट्राइकआउट), चार चुकीच्या चेंडूंमुळे पहिला तळ मोफत देणे (वॉक) आणि होमरन या तीन बाबींवर. पुढे टॉम टँगो यांनी या विचारावर आधारलेले एक सूत्र रूढ केले. होमरनची संख्या 13 ने, वॉक व चेंडू लागलेले फलंदाज यांची बेरीज 3 ने आणि स्ट्राइकआउटची संख्या 2 ने गुणावी. पहिल्या दोन गुणाकारांच्या बेरजेतून तिसरा वजा करून बाकीस डावांच्या संख्येने भागावे. आणि त्यात लीगनुसार ठरणारा, बहुधा 3.1 च्या आसपासचा, स्थिरांक मिळवावा.

एक कल्पित उदाहरण घेऊ. डबल-ए श्रेणीतील एका पिचरने 60 डावांत 250 फलंदाजांना तोंड दिले. त्यात 68 स्ट्राइकआउट, 18 वॉक, चेंडू लागलेले 2 फलंदाज आणि 4 होमरन अशी नोंद आहे. त्याच्या नावावर 30 धावा असल्याने नऊ डावांमागे 4.50 धावा पडतात. हा आकडा बढतीस अनुकूल नाही. सूत्राप्रमाणे मात्र 52 अधिक 60 वजा 136 म्हणजे उणे 24. भागिले 60 म्हणजे उणे 0.40, स्थिरांक मिळविल्यावर 2.70. दोन आकड्यांतील अंतर कोठून आले? मैदानात टोलविलेल्या 158 चेंडूंपैकी 52 चेंडूंवर फलंदाजांनी तळ गाठला, म्हणजे सुमारे 33 टक्के. सामान्यतः हे प्रमाण 30 टक्क्यांच्या आसपास असते. 158 च्या नमुन्यात प्रमाणत्रुटी सुमारे 3.7 टक्के येते. तेव्हा हा फरक निव्वळ दैवाचा असणे सहज शक्य आहे.

हीच कसोटी अनुकूल आकड्यांनाही लावली पाहिजे. स्ट्राइकआउटचे प्रमाण 27.2 टक्के आणि त्याची प्रमाणत्रुटी 2.8 टक्के आहे. हे अनुमान बरेच भक्कम म्हणता येईल. वॉकचे प्रमाण 7.2 टक्के व त्रुटी 1.6 टक्के आहे. होमरनचे प्रमाण 1.6 टक्के असून त्रुटी 0.8 टक्के, म्हणजे अनुमानाच्या निम्मी आहे. एवढ्या नमुन्यावरून होमरनविषयी ठाम मत देणे धाडसाचे ठरेल. तात्पर्य, एकाच हंगामाचे सगळे आकडे सारख्याच विश्वासाचे नसतात. बढतीचा विचार करताना स्ट्राइकआउट आणि वॉक आधी पाहावेत, होमरनसाठी मोठ्या नमुन्याची वाट पाहावी आणि धावांचा आकडा शेवटी विचारात घ्यावा.

आता दोन्ही बाजूंच्या चुकांची किंमत पाहू. बढती लवकर दिली, तर कच्चे नियंत्रण वरच्या श्रेणीतील फलंदाज उघडे पाडतात. ते वाईट चेंडूला बॅट लावीत नाहीत. बढती उशिरा दिली, तर पिचर केवळ वेगाच्या बळावर दुबळ्या फलंदाजांना बाद करीत राहतो आणि आणखी एक चेंडू शिकण्याची त्याला गरजच भासत नाही. दोन्ही चुका सारख्या महाग नसतात. एका श्रेणीतून दुसरीत नेलेला पिचर परत खाली आणता येतो. म्हणून कनिष्ठ लीगमधील बढतीत थोडे धाडस क्षम्य आहे. मेजर लीगच्या उंबरठ्यावर मात्र हिशोब बदलतो. 40 जणांच्या यादीत नाव आल्यावर खेळाडूला केवळ तीन हंगामांतच मुक्तपणे खाली पाठविता येते. शिवाय सेवेचे 172 दिवस म्हणजे एक पूर्ण वर्ष आणि अशी सहा वर्षे भरली की खेळाडू करारमुक्त होतो, हा नियम वास्तव लीगप्रमाणे खेळातही असतो. हंगामाच्या आरंभी दोनतीन आठवडे थांबले, तर संघाला त्या खेळाडूचे आणखी एक वर्ष लाभते. हा लाभ पिचरच्या तयारीशी निगडित नाही. म्हणूनच तो वेगळ्या खात्यात मांडावा. तयारीच्या निर्णयात मिसळू नये.

वास्तव इतिहास या हिशोबाला दुजोरा देतो. 1973 मध्ये टेक्सास रेंजर्स संघाने डेव्हिड क्लाइड या अठरा वर्षांच्या पिचरला शाळेतून थेट मेजर लीगमध्ये उभे केले. 27 जून 1973 च्या पहिल्या सामन्यास 35,000 हून अधिक प्रेक्षक आले. त्याने पाच डावांत 8 फलंदाजांना स्ट्राइकआउट केले आणि 7 जणांना वॉक दिला. सामना जिंकला गेला, तिकिटे खपली; पण त्या सात वॉकचा इशारा कोणी मनावर घेतला नाही. खांद्याच्या दुखण्यांनी ग्रासलेली त्याची कारकीर्द 18 विजय आणि 33 पराभवांवर थांबली. उलट ड्वाइट गुडनने 1983 मध्ये ए श्रेणीत 191 डावांत 300 स्ट्राइकआउट नोंदविले. पुढच्याच वर्षी, एकोणिसाव्या वर्षी, तो न्यूयॉर्क मेट्सकडून खेळला व 276 स्ट्राइकआउटांसह वर्षातील सर्वोत्तम नवा खेळाडू ठरला. पॉल स्कीन्सला पिट्सबर्गने 2024 मध्ये ट्रिपल-एमधील सात सामन्यांनंतर 11 मे रोजी वर आणले. तोही त्या वर्षीचा नॅशनल लीगचा सर्वोत्तम नवा खेळाडू ठरला. यावरून वय हा निकष नव्हे, हे स्पष्ट होते. गुडनच्या पाठीशी पुराव्याचा मोठा नमुना होता. क्लाइडच्या पाठीशी शालेय सामन्यांतील यश आणि तिकीट-खिडकीची निकड होती.

प्रतिरूप-खेळाचे अध्ययनमूल्य येथेच आहे. त्यात एकाच क्षणापासून तोच हंगाम शंभर वेळा पुन्हा खेळविता येतो आणि बढतीचे फळ एका निकालाने न मोजता निकालांच्या वितरणाने मोजता येते. चांगला निर्णय आणि चांगला निकाल या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे त्यातून जितके स्पष्ट दिसते तितके व्याख्यानातून क्वचितच दिसेल. तथापि खेळाची मर्यादाही ध्यानात ठेविली पाहिजे. संगणकातील पिचरचा खांदा दुखावला, तर जतन केलेला हंगाम पुन्हा उघडता येतो. 1973 च्या त्या मुलाला तशी सोय नव्हती. जेथे प्रयोग एकदाच होतो आणि त्याची किंमत दुसऱ्याला मोजावी लागते, तेथे पुराव्याची अपेक्षा अधिक कडक असणेच न्याय्य होय.