मास्तरांची शाळा

आमच्या धंद्यात एक म्हण फार सोयीची आहे : पालथ्या घड्यावर पाणी. तासभर घसा कोरडा करून शिकवावं, शेवटी एखादा साधा प्रश्न विचारावा आणि समोरून उत्तर म्हणून येऊ नये; की मग आम्ही मंडळी शिक्षकांच्या खोलीत येतो, चहाचा पेला हाती घेतो आणि ही म्हण म्हणतो. तेवढ्यानं मन हलकं होतं. दोष घड्याचा ठरतो, ओतणारा सुटतो.

मीही ही म्हण पुष्कळ वर्षं वापरली. वसईच्या एका महाविद्यालयात मी इतिहास शिकवतो. सकाळच्या पहिल्या तासाला शेवटच्या बाकावर बसून डुलक्या घेणारा एक मुलगा होता. एकदा मी वर्गादेखत त्याला पालथा घडा म्हणालो. वर्ग हसला, तोही ओशाळून हसला. पुढं केव्हातरी त्याच्या मित्राकडून कळलं, की हा मुलगा नालासोपाऱ्याहून येतो आणि रात्री एक-दीड वाजेपर्यंत घरोघर पार्सलं पोचवतो. त्यानंतर ती म्हण काही माझ्या तोंडून निघाली नाही.

त्याच वर्षी दुसरा धक्का बसला. घरी लिहायला दिलेल्या प्रश्नाचं जवळजवळ एकच उत्तर चाळीस वह्यांत आलं. मुलांनी मोबाइलवरच्या कृत्रिम बुद्धिमत्तेला प्रश्न विचारला होता आणि तिनं दिलेलं उत्तर उतरून काढलं होतं. मला आधी राग आला. मग मी ते उत्तर आणि माझी स्वतःची टिपणं शेजारी शेजारी ठेवून वाचली. टिपणं मी नोकरीच्या पहिल्या वर्षी काढली होती. कागद आता पिवळे पडले आहेत. खरं सांगायचं तर यंत्राचं उत्तर माझ्या टिपणांहून फारसं वाईट नव्हतं. मग मनात आलं, माहिती सांगायला यंत्र आहे, तर मास्तर कशाला हवा?

या प्रश्नाचं उत्तर शोधायला फार लांब जायला नको. विरारहून डहाणूची गाडी धरावी आणि कोसबाडच्या टेकडीवर जावं. आपल्याच पालघर जिल्ह्यात, पाऊणशे वर्षांपूर्वी, दोन शिक्षिकांनी हाच प्रश्न वेगळ्या शब्दांत स्वतःला विचारला होता.

त्यांतल्या थोरल्या ताराबाई मोडक. १८९२ सालचा जन्म. मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर. राजकोटच्या स्त्रियांच्या अध्यापन विद्यालयाच्या त्या प्राचार्या होत्या. मानाची जागा सोडून त्या भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याबरोबर बालशिक्षणाचं काम करू लागल्या. गिजुभाई मूळचे वकील. म्हणजे पहा, एकानं वकिली सोडली, दुसरीनं प्राचार्यपद सोडलं आणि दोघंही लहान मुलांजवळ बसून नव्यानं शिकू लागले. १९२६ साली त्यांनी नूतन बालशिक्षण संघ स्थापन केला. पुढं मुंबईत दादरला ताराबाईंनी शिशुविहार चालवला. शहरात नाव झालं. तिथंच थांबल्या असत्या तरी कुणी नाव ठेवलं नसतं.

पण १९४५ साली, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, त्या बोर्डीला गेल्या आणि तिथं त्यांनी ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. बरोबर अनुताई वाघ होत्या. अनुताईंचा जन्म १९१० सालचा, पुणे जिल्ह्यातल्या मोरगावचा. तेराव्या वर्षी लग्न आणि सहा महिन्यांच्या आत वैधव्य. त्या शिकल्या, शिक्षिका झाल्या. पुण्याला हुजूरपागेत नोकरी करता करता रात्रीच्या शाळेत जाऊन १९३७ साली मॅट्रिक झाल्या. बोरिवलीच्या एका शिबिरात ताराबाईंची गाठ पडली आणि पुण्याची बसलेली नोकरी सोडून त्या बोर्डीला आल्या.

दोघींजवळ माँटेसरी पद्धतीचं ज्ञान होतं. ही पद्धत १९०७ साली रोममध्ये, गरीब वस्तीतल्या मुलांकरता सुरू झाली. परंतु आपल्याकडं ती आली ती गुळगुळीत लाकडी ठोकळे, मण्यांच्या माळा अशी महागडी साधनं घेऊन. बोर्डीत ती कोण घेणार? शिवाय गरिबांच्या वस्तीतली मुलं बालवाडीत येतच नव्हती. इथं 'या लोकांना शिक्षणाचं महत्त्वच नाही' असं म्हणून मोकळं होता आलं असतं. तीच आपली पालथ्या घड्याची म्हण! या दोघींनी मात्र उलटा प्रश्न केला : मुलं आपल्याकडं येत नसतील, तर आपण त्यांच्याकडं का जाऊ नये? वस्तीतल्याच एखाद्या अंगणात मुलं जमवायची, त्यांना न्हाऊ-माखू घालायचं, नखं कापायची, केस विंचरायचे, मग गाणी, गोष्टी, खेळ. हीच अंगणवाडी. लाकडी ठोकळ्यांच्या जागी खडे, बिया, शिंपले, पानं आली. मोजायला खडा चालतो, रंग ओळखायला फूल चालतं. तत्त्व तेच राहिलं, साधन गावचं झालं.

१९५७ साली काम कोसबाडला आलं. भोवती वारली पाडे. इथं आणखी निराळी अडचण. थोरली मुलं सकाळी गुरं घेऊन रानात जात आणि मुली धाकट्या भावंडांना सांभाळत. शाळेची घंटा आणि गुरांची वेळ एकच. घंटेच्या हट्टापायी मुलं सोडायची, की मुलांपायी घंटा? त्यांनी घंटा सोडली. जिथं गुरं चरत तिथंच शाळा भरू लागली; तिचं नाव कुरणशाळा. आणि धाकट्या भावंडांमुळं मुली घरी राहतात म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच जागी आणली. बहिणीनं वर्गात बसावं आणि भावंडानं शेजारच्या खोलीत खेळावं. या रचनेला विकासवाडी म्हणतात.

आता यात शिक्षकाचं शिक्षण कुठं आहे, असं तुम्ही विचाराल. मला वाटतं, सगळं तेच आहे. या दोघींना वारल्यांची बोली कानावर घ्यावी लागली. रानातली कामं, सणवार, भुकेच्या वेळा समजून घ्याव्या लागल्या. आधी शिकलेलं पुष्कळसं बाजूला ठेवावं लागलं. पुस्तकाचा अभ्यासही सुटला नाही. अनुताई पदवीधर झाल्या त्या १९६१ साली, वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी. पुढं १९७५ साली केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि तिच्या केंद्रांना देशभर अंगणवाडी हेच नाव मिळालं. ताराबाईंना १९६२ साली पद्मभूषण मिळालं, अनुताईंना १९८५ साली पद्मश्री.

या कामाची रीत उलगडून पाहिली तर चार पायऱ्या दिसतात. पहिली, मूल काय करतं ते नीट पाहणं. दुसरी, ते तसं का करतं हे निवाडा न देता विचारणं. तिसरी, आपल्या शिकवण्यात एक छोटा बदल करून पाहणं. चौथी, काय झालं ते लिहून ठेवणं आणि दुसऱ्या शिक्षकाला सांगणं. ताराबाईंनी 'शिक्षण पत्रिका' हे मासिक चालवलं ते या चौथ्या पायरीसाठीच, असं म्हणायला हरकत नाही. यांतली एकही पायरी यंत्र आपल्याऐवजी चढत नाही. पार्सलं पोचवून थकलेल्या मुलाचे डोळे यंत्राला दिसत नाहीत.

२०२० सालच्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात प्रत्येक शिक्षकाला वर्षाकाठी किमान ५० तास व्यावसायिक विकासाची संधी मिळावी, असं म्हटलं आहे. दीक्षासारखी संगणकीय व्यासपीठं आहेत; प्राथमिक शाळांच्या केंद्रांवर शिक्षण परिषदा भरतात. साधनं वाईट नाहीत. पण प्रशिक्षण म्हणजे सही, चहा आणि प्रमाणपत्र एवढंच झालं, तर ५० तास ५०० झाले तरी वर्गात काही बदलणार नाही. आणि दुसरी बाजूही सांगायला हवी : निवडणुकीची, गणनेची, माहिती भरण्याची कामं अंगावर घेऊन थकलेल्या मास्तराला 'तू शीक' म्हणणं सोपं आहे. शिकायला मोकळा वेळ लागतो आणि तो देणं हे चालकांचं आणि सरकारचं काम आहे.

माझ्यापुरतं मी काय केलं, तेही सांगतो. घरचा निबंध बंद केला. वाचन आणि लेखन वर्गातच, पहिल्या वीस मिनिटांत. मोबाइल लपवायला लावण्याऐवजी तो बाकावर काढायला लावला. १७३९ सालच्या चिमाजी अप्पांच्या वसईच्या मोहिमेविषयी यंत्राला विचारा, म्हटलं, आणि मिळालेलं उत्तर ग्रंथालयातल्या पुस्तकांशी ताडून पाहा. मुलांनी त्यात दोन चुका काढल्या. त्या दिवशी वर्गात जी चढाओढ लागली, ती माझ्या व्याख्यानांनी कधी लावली नव्हती. मग प्रत्येकानं घरच्या एका वडीलधाऱ्या माणसाला विचारून आपलं कुटुंब वसईत कधी, कसं आलं ते लिहिलं. कादोडी बोलणाऱ्या घरातली वाडीची आणि केळीच्या बागेची हकीकत आली, मिठागरातल्या मजुरीची आली, उत्तर प्रदेशातून आलेल्या चाळीतल्या कुटुंबाची आली. सगळंच जमलं असं नाही. काही वह्या कोऱ्याच आल्या, आणि अभ्यासक्रम मागं पडला म्हणून मला बोलणीही खावी लागली.

तो शेवटच्या बाकावरचा मुलगा मात्र बोलला. नालासोपाऱ्यातल्या कुठल्या गल्लीत पूर्वी शेत होतं आणि कुठं तलाव बुजवला, हे त्याला जिन्या-जिन्यातून फिरून, म्हाताऱ्या माणसांशी बोलून ठाऊक झालं होतं. तो पंधरा मिनिटं सांगत होता आणि मी वहीत टिपून घेत होतो. कित्येक वर्षांनी माझ्या हातानं नवी टिपणं निघत होती.