ग्रहणांच्या वेळा: एका जोडताऱ्याचा मागोवा

फेब्रुवारीच्या मध्याला रात्री दहाच्या सुमारास भोपाळहून दक्षिणेकडे पाहिलं, तर व्याध नुकताच पश्चिमेला कललेला दिसतो. त्याच्या पूर्वेला आठेक अंशांवर बृहल्लुब्धकातलाच आणखी एक तारा असतो, आर कॅनिस मेजोरिस. शहराच्या उजेडात तो नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. भोजपूरच्या बाजूला अंधारात गेलं आणि हातात साधी द्विनेत्री असली की सापडतो. दर 1 दिवस 3 तास 16 मिनिटांनी त्याचं तेज सुमारे 5.7 प्रतीवरून 6.3 प्रतीपर्यंत उतरतं आणि काही तासांत पुन्हा पूर्ववत होतं. अमेरिकेतल्या सॉयर यांनी 1887 मध्ये हे पहिल्यांदा टिपलं. भारतात ग्रहणकारी, म्हणजे एकमेकांना झाकणाऱ्या, जोडताऱ्यांचा जो अभ्यास झाला, त्याचा मागोवा घ्यायचा तर मी याच ताऱ्यापासून सुरुवात करीन, कारण त्याचं एक मोठं कोडं हैदराबादेत सुटू लागलं.

मूळ कल्पना त्याहून शंभर वर्षं जुनी. ययातीतल्या अल्गोलचं तेज ठराविक काळाने का उतरतं, याचं एक उत्तर इंग्लंडमधल्या जॉन गुडरिक या कर्णबधिर तरुणाने 1783 मध्ये सुचवलं: एखादं काळोखं अंग त्याच्यासमोरून जात असावं. तेव्हा त्याचं वय अठरा होतं. 1889 मध्ये फोगेल यांनी वर्णपटातून अल्गोलची जोडी सिद्ध केली. एवढे जवळचे दोन तारे दुर्बिणीतून वेगळे कधीच दिसत नाहीत. दिसतो तो एकच ठिपका, आणि हाती येतो त्याच्या तेजाचा चढउतार.

आपल्याकडे या कामाचं मोठं केंद्र हैदराबाद. नवाब जफर जंग यांनी 1901 मध्ये निजामिया वेधशाळेचा पाया घातला. पुढे ती उस्मानिया विद्यापीठाकडे गेली. आकाशाचा छायाचित्रित नकाशा करण्याच्या आंतरराष्ट्रीय योजनेत तिच्या वाट्याला दक्षिणेचा एक पट्टा आला आणि तिने सात लाखांहून अधिक ताऱ्यांची स्थानं मोजून दिली. 1968 मध्ये शहरापासून दूर जपाल-रंगापूरला 48 इंची परावर्ती दुर्बीण उभी राहिली, तिला प्रकाशविद्युत प्रकाशमापक जोडला गेला आणि जोडताऱ्यांच्या प्रकाशवक्रांचं, म्हणजे तेज वेळेनुसार कसं बदलतं याच्या आलेखांचं, काम जोमाने सुरू झालं. या काळातलं सर्वांत महत्त्वाचं नाव म्हणजे कृष्ण दामोदर अभ्यंकर. त्यांच्याबरोबर एम. बी. के. शर्मा आणि पुढच्या पिढीत पी. विवेकानंद राव. अभ्यंकरांचं नाव मराठी वाचकांत जितकं घेतलं जायला हवं तितकं घेतलं जात नाही, याची मला मनापासून खंत वाटते.

प्रकाशवक्र मिळवणं चिकाटीचं काम आहे. आधी शेजारचा न बदलणारा तारा, मग आपला तारा, मग नुसतं आकाश, पुन्हा शेजारचा. निळा, पिवळा असे गाळणे बदलत रात्रभर हेच चालतं. आर कॅनिस मेजोरिसची सात ग्रहणं होईपर्यंत जवळजवळ आठ दिवस जातात, म्हणून एका गावातून संपूर्ण वक्र भरायला अनेक रात्री लागतात. वक्रातली खोल दरी म्हणजे जास्त तापलेला तारा झाकला गेला. उथळ दरी म्हणजे थंड तारा मागे गेला. दोन्हींच्या खोलीतून तापमानांचं गुणोत्तर मिळतं, रुंदीतून त्रिज्या. दोन दऱ्यांमधली रेषा सपाट न राहता फुगीर असेल, तर तारे एकमेकांच्या ओढीने अंड्यासारखे ताणले गेले आहेत, असं समजावं. पूर्वी हे गणित रसेल आणि मेरिल यांच्या कोष्टकांवरून हातानं करत. 1971 मध्ये विल्सन आणि डेव्हिनी यांनी संगणकासाठी पद्धत दिली आणि तीच आजही पायाभूत आहे.

आर कॅनिस मेजोरिसमधला धाकटा तारा सूर्याच्या सहाव्या हिश्श्याएवढ्याच वस्तुमानाचा, तरीही फुगलेला आहे. एके काळी तोच थोरला होता. त्याचं वस्तुमान जोडीदाराकडे वाहून गेलं. खरं कोडं मात्र ग्रहणांच्या वेळांत होतं. ती कधी अपेक्षेपेक्षा आधी होत, कधी उशिरा, आणि हा फरक दशकानुदशकं हळूहळू बदलत होता. 1984 मध्ये राधाकृष्णन, शर्मा आणि अभ्यंकर यांनी मांडलं की इथं तिसरा तारा असावा. त्याच्यामुळे जोडी सुमारे नव्वद वर्षांच्या कक्षेत फिरते, कधी आपल्याकडे येते, कधी दूर जाते, आणि त्याप्रमाणे प्रकाशाला पोहोचायला कमीजास्त वेळ लागतो. 2002 मध्ये रिबास आणि सहकाऱ्यांनी ताऱ्याच्या जागेची हिप्पार्कस उपग्रहाने केलेली मोजमापं या वेळांशी जुळवून पाहिली. कक्षाकाल सुमारे 93 वर्षं निघाला, तिसरा तारा सूर्याच्या तिसऱ्या हिश्श्याएवढ्या वस्तुमानाचा. ग्रहणं सुमारे 43 मिनिटं पुढेमागे होतात तीही त्याच्यामुळेच. एकोणिसाव्या शतकात कुणी तरी घड्याळ पाहून लिहून ठेवलं नसतं, तर यातलं काहीच हाती लागलं नसतं.

याची उलट बाजूही आहे: जुन्या नोंदीतली एक चूक दिशाभूलही करू शकते. 2008 मध्ये व्ही 1309 स्कॉर्पी या ताऱ्याचा उद्रेक झाला. तो मुळात जोडतारा होता आणि त्याचा कक्षाकाल झपाट्याने घटत गेला होता, हे जुन्या नोंदींतून नंतर उलगडलं. त्यावरूनच 2017 मध्ये अमेरिकेतल्या मोल्नार यांच्या गटाने हंस तारकासमूहातल्या केआयसी 9832227 या जोडीबद्दल भाकीत केलं की तिच्यातले तारे 2022 च्या सुमारास एकमेकांत मिसळतील. जगभर बातमी झाली. 2018 मध्ये दुसऱ्या गटाने जुनी आकडेवारी पुन्हा तपासली, तेव्हा एका ग्रहणाची वेळ छापताना 12 तासांची चूक झाली होती असं आढळलं. भाकीत मागे पडलं. ती चूक शोधणाऱ्यांचं काम मला भाकिताइतकंच मोलाचं वाटतं.

आता ताऱ्यांचं तेज टिपणाऱ्या टेस उपग्रहाच्या पहिल्या दोन वर्षांच्या निरीक्षणांतूनच 4,584 ग्रहणकारी जोड्यांची यादी झाली आहे. पण उपग्रह काही वर्षं पाहतो. 93 वर्षांची कक्षा मोजायला दर हिवाळ्यात कुणी तरी वेळ नोंदवावी लागते. आर कॅनिस मेजोरिससाठी लहान दुर्बीण आणि कॅमेरा पुरतो, भोपाळच्या महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यांनाही ते जमण्यासारखं आहे. फक्त घड्याळ दिशादर्शक उपग्रहांच्या वेळेशी जुळवावं आणि नोंद भारतीय प्रमाणवेळेत आहे की वैश्विक, ते प्रत्येक ओळीत लिहावं.