दुधाळ्याचा दुसरा राउटर

हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळच्या दुधाळा शिवारात लायगो-इंडियाची गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा उभी राहणार आहे. एप्रिल २०२३मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तिच्यासाठी २,६०० कोटी रुपये मंजूर केले, ११ मे रोजी पायाभरणी झाली. चार-चार किलोमीटरच्या भुजा आणि गुरुत्वीय लहरी यांवर आपल्याकडे भरपूर लिहून झाले आहे. मला त्या वेधशाळेतून बाहेर पडणाऱ्या माहितीच्या दारापाशी थांबायचे आहे. तिथला राउटर ऐन वेळी बंद पडला तर?

१७ ऑगस्ट २०१७ रोजी दोन न्यूट्रॉन तारे एकमेकांवर आदळल्याची लहर पृथ्वीवर पोहोचली. १.७ सेकंदांनी गॅमा किरणांचा झोत आला. अमेरिकेतल्या दोन आणि इटलीतल्या एका वेधशाळेची माहिती एकत्र केली, तेव्हा कुठे आकाशातला शोधायचा तुकडा लहान झाला आणि सुमारे ११ तासांनी १३ कोटी प्रकाशवर्षांवरच्या दीर्घिकेत ती चमक दुर्बिणींना सापडली. नेटवर्क तुटले तरी वेधशाळेतली नोंद पुसली जात नाही, ती जागेवर साठते. पण विझत चाललेली चमक कुणासाठी थांबत नाही.

कार्यालयातल्या किंवा प्रयोगशाळेतल्या संगणकाला बाहेरच्या जगाकडे जाण्याचा सहसा एकच पत्ता दिलेला असतो, तो म्हणजे डिफॉल्ट गेटवे. तो राउटर पडला की शेजारी दुसरा धडधाकट राउटर असूनही संगणकाला त्याचा पत्ता नसतो. म्हणून दोन राउटर मिळून एक आभासी पत्ता धारण करतात. पालखीचे भोई खांदा बदलतात आणि पालखी चालत राहते, तसा पत्ता तोच राहतो, वाहणारा बदलतो. आयपी पत्त्याबरोबर आभासी मॅक (म्हणजे हार्डवेअरचा) पत्ताही नव्या राउटरकडे जातो. हा राउटर लगेच एक संदेश सोडतो, त्यावरून सगळ्यांना जोडणाऱ्या स्विचला कळते की हा पत्ता आता दुसऱ्या पोर्टवर आहे. संगणकांना यातले काहीच कळत नाही.

ही युक्ती सिस्को कंपनीने एचएसआरपी या नावाने आणली, १९९८मध्ये तिचा तपशील प्रसिद्ध झाला. मुख्य राउटर दर ३ सेकंदांनी ‘मी आहे’ असे सांगतो. १० सेकंद आवाज आला नाही की राखीव राउटर सूत्रे घेतो. त्याच वर्षी आलेला व्हीआरआरपी हा कोणत्याही कंपनीच्या राउटरला वापरता येणारा प्रमाणित मार्ग. त्यात हाक दर सेकंदाला असते आणि नेहमीच्या मांडणीत ३.६ सेकंदांत बदल होतो. सिस्कोच्याच जीएलबीपीत राखीव राउटर रिकामा बसत नाही, चारपर्यंत राउटर भार वाटून घेतात. व्हीआरआरपीवर सिस्कोने पेटंटचा हक्क सांगितला, म्हणून ओपनबीएसडी या मुक्त संगणकप्रणालीच्या कार्यकर्त्यांनी २००३मध्ये कार्प हा स्वतःचा मुक्त पर्याय लिहिला. त्यातली प्रत्येक हाक गुप्त किल्लीने तपासली जाते. दोन वेगळ्या कंपन्यांचे राउटर घ्यायची मोकळीक हवी असेल तर माझे मत व्हीआरआरपीच्या बाजूने आहे.

हाकांमधले अंतर सेकंदाच्या अंशावर आणता येते, पण त्यात धोका आहे. कामाच्या ओझ्याखाली दबलेल्या राउटरची हाक जराशी उशिरा आली, की राखीव राउटर त्याला मृत समजतो आणि काही काळ दोघेही स्वतःला मुख्य म्हणवतात. काही सेकंद वाचवण्यापेक्षा ही गफलत टाळणे मला महत्त्वाचे वाटते.

खरी मेख पुढेच आहे. हे सगळे मार्ग शेजारचा राउटर जिवंत आहे का, एवढेच विचारतात. आपल्याकडे बँकेत किंवा सेतू केंद्रात ‘लिंक नाही’ हे उत्तर मिळते, तेव्हा राउटर बहुधा ठणठणीत असतो. रस्त्याच्या कामात जेसीबीने फायबर तोडलेली असते. मुख्य राउटर आतल्या बाजूला इमानाने हाका देत राहतो, त्यामुळे राखीव राउटर स्वस्थ बसतो आणि सगळी माहिती तुटलेल्या तारेच्या तोंडाशी जाऊन नष्ट होते. यावर उपाय आहे. ज्या राउटरचे प्राधान्य जास्त तो मुख्य ठरतो, म्हणून बाहेरची वाट मेली की मुख्य राउटरचे प्राधान्य आपोआप घटवायचे, म्हणजे दुसरा पुढे येतो. मात्र एचएसआरपीत असे पुढे येण्याची मुभा राखीव राउटरला मुद्दाम द्यावी लागते. व्हीआरआरपीत ती आधीच असते. एचएसआरपीत मुभेची ही एक ओळ लिहायची राहिली तर महागडी जोडी असून नसल्यासारखी. आणि दोन्ही राउटरच्या फायबर एकाच चरातून जात असतील तर कोणताही प्रोटोकॉल वाचवू शकत नाही. एक वाट नांदेडकडून आणि दुसरी परभणीकडून आली, तरच दुसऱ्या राउटरला अर्थ.

हे पाहायला वेधशाळेची वाट बघायची गरज नाही. हिंगोलीतल्या कोणत्याही महाविद्यालयात दोन जुन्या संगणकांवर लिनक्स आणि कीपअलाइव्हड हे मोफत सॉफ्टवेअर टाकले की व्हीआरआरपी चालू होतो. तिसऱ्या संगणकाला आभासी पत्ता गेटवे म्हणून द्या, त्यावरून बाहेरच्या एखाद्या पत्त्याला पिंग (उत्तर मागणारा छोटा संदेश) सुरू ठेवा आणि मुख्य यंत्राची वीज काढा. चारेक उत्तरे गळतील आणि पिंग पुन्हा चालू होईल. मग वीज परत देऊन त्याच यंत्राची फक्त बाहेर जाणारी केबल काढा. बाहेरच्या वाटेवर नजर ठेवायची सूचना लिहिलेली नसेल, तर पिंगचे उत्तर येणार नाही, दुसरे यंत्र शेजारी चालू असतानाही.