काखेतला एक्स्ट्रा पट्टा

जिमच्या आरशात दोन्ही बाजू सारख्या दिसत नाहीत म्हणून ट्रेनरचं डोकं खाताय? जरा थांबा. तुमचे मसल्स पुस्तकातल्या चित्राबरहुकूम असतील, अशी गॅरंटी कुणी दिलीय?

काखेचंच घ्या ना. पाठीच्या ‘लॅट्स’मधून निघून, काख ओलांडून छातीच्या स्नायूंकडे जाणारा एक जादा पट्टा शंभरात पाच-सात जणांना जन्मतःच असतो. बऱ्याचदा एकाच बाजूला! नाव ‘लँगर्स आर्च’. ऑस्ट्रियन अॅनॅटॉमिस्ट कार्ल लँगरने १८४६मध्ये त्याचं नीट वर्णन केलं, म्हणून त्याचं नाव.

बहुतेकांना त्याचा आयुष्यभर पत्ताच लागत नाही. काहींना मात्र हात वर धरला की शीर दबून हात जड होतो, मुंग्या येतात. खरी गोची होते ती ऑपरेशन थिएटरमध्ये. ब्रेस्ट कॅन्सरमध्ये काखेतले लिम्फ नोड्स काढताना हा पट्टा आडवा येतो आणि एखादा नोड त्याच्यामागे राहून जाऊ शकतो. पट्टा ओळखू आला, तर सर्जन तो कापून वाट मोकळी करतात.

हाताला कधीकधी तो गाठीसारखाही लागतो. पण म्हणून काखेत गाठ लागली, की ‘एक्स्ट्रा मसल असेल’ म्हणत घरी बसू नका. ते डॉक्टरांना ठरवू द्या.